इंग्रजाच्या घराची वास्तू

अक्षराचं घर परत आलं होतं. नांदेडला ती आर्किटेक्चर शिकते. तिथे सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज शेतकऱ्याच्या घराचं मॉडेल तिने महिनाभर खपून केलं होतं. जाड मातीच्या भिंती, गव्हाच्या काडाने शाकारलेलं छप्पर, दालनाच्या मधोमध उघडी चूल. सरांनी ते बघितलं आणि बांधकाम बरोबर आहे, पण यात कोणी राहिलंय असं वाटत नाही, म्हणून परत पाठवलं. उद्या शेवटची संधी होती. ती हुकली तर वर्ष वाया.

आजी रत्नम्माने छप्पर उचलून आत डोकावलं.

"धुराडं कुठं हाय गं?"

"तवा नव्हतंच, आज्जी. धूर छपरातूनच जायचा."

"अन् वास्तू केली का?"

अक्षरा हसली आणि रंग आणायला बाजारात गेली. तिथेच चुकलं. पूजा केल्याशिवाय नव्या घरात राहायला जाणं रत्नम्माला मान्य नव्हतं, आणि हे तर नातीने बांधलेलं पहिलं घर. तिने चौकटीवर विभूतीची तीन बोटं ओढली, उतू घालायला गॅसवर दूध ठेवलं, इवल्याशा चुलीत कापूर पेटवला आणि घर उघडं बरं दिसत नाही म्हणून वर छप्परही ठेवलं.

काड धुमसू लागलं. अक्षराचे वडील उमाशंकर धूर बघून धावले आणि हाताला लागलं ते पातेलं त्यांनी घरावर ओतलं. ते दुधाचं होतं. आग विझली, पण मातीची भिंत भिजून पोट सुटल्यासारखी बाहेर आली.

अक्षरा परतली आणि रंगाची पिशवी टाकून फुगलेली भिंत आत दाबू लागली.

"तुजं पयलं घर," रत्नम्मा खाली बघत म्हणाली. "चूल थंडी ठिवून कसं धाडू?"

अक्षराला रागवायचं होतं. तिला रडू आलं आणि तिने आजीच्याच पदराला डोळे पुसले.

सकाळी कॉलेजात सरांनी छप्पर उचललं आणि आतल्या वाशांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "वासे काळे कसे केलेस?"

"आज्जीनं चूल पेटवली, सर."

"त्या घरांत असंच व्हायचं. धुराने वासे काळे, भिंती फुगलेल्या. आता इथं माणसं राहतात."

पास झाल्याचं ऐकून रत्नम्मा सुखावली, पण तिचं समाधान झालं नाही. दूध ओतलं होतं, उतू गेलंच नव्हतं. संध्याकाळी तिने मॉडेलशेजारी शेगडी मांडून पुन्हा पातेलं चढवलं. दूध वर आलं तसे उमाशंकर गॅसचं बटण बंद करायला धावले. अक्षराने त्यांचा हात धरला.

"बाबा, जाऊ द्या."