विनापरवाना ऐकणारा

शिपायानं रेडिओ पिशवीत घातला आणि फौजदार म्हणाले, "शेठ, बसा गाडीत." हस्तीमलशेठ ओट्यावर बसला होता, तो उठेना. एका पायात चप्पल, दुसरी कुठं गेली कोण जाणे. सगळी गल्ली दारात, त्याची सून पडद्यामागं. आणि हा माणूस फौजदारांना म्हणतो, "काय नेऊन राह्यले, ते म्हणून दाखवा."

"काय?"

"काय नेलं ते तुमच्या तोंडानं म्हणून दाखवा. त्याबिगर मी उठत न्हाई."

बदनापूरला त्याच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या बाजूला मी, त्या बाजूला तो. आम्ही धनगर, ते राजस्थानातले मारवाडी. पण त्याचा आजाही इथंच जन्मला, तेव्हा त्याला परका म्हणायची आता सोय नाही. धंदा बियाण्याचा. खाली दुकान, वर घर. तोंडावर मी त्याला शेठ म्हणते, माघारी नुसतं हस्तीमल.

हा रेडिओ त्याच्या साडूच्या पोरानं दुबईहून आणला. काळा, हातात मावणारा, वर उंदराच्या शेपटीसारखी तार. त्यात गाणी लागत नाहीत, बातम्या लागत नाहीत. विमान चालवणारा आणि खाली विमानतळावर बसलेलं माणूस एकमेकांशी बोलतात, तेवढंच लागतं. संभाजीनगरला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात. दुकान मुलाच्या, दिनेशच्या, हाती दिलं आणि हा गच्चीवर बसून विमानं ऐकायला लागला. इंग्रजी त्याला माझ्याइतकंच येतं, आणि मी चौथी पास आहे.

एकदा मलाही ऐकवलं. आधी नुसती खरखर. मग एक बाई काहीतरी बोलली. मग एक बाप्या तेच बोलला.

"हे काय, पाढे चालले का?" मी म्हटलं.

"तेच तर हाय, सोनाबाई. तिनं सांगितलं की यानं तेच परत म्हणायचं. न्हाई म्हटलं तर ती पुन्हा इचारती. कुणीच गप बसत न्हाई. बिलकुल न्हाई."

झालं. ते खूळ तिथनं जिना उतरून खाली आलं. दूधवाल्याला म्हणायचा, "उद्या अर्धा लिटर. म्हणून दाखव." तो बिचारा भांडं हातात धरून म्हणायचा, "उद्या अर्धा लिटर." "बराबर. जा." जालन्याहून व्याह्याचा फोन आला की "रविवारी जेवायला येतो" हे व्याह्याकडून दोनदा वदवून घ्यायचा. व्याही पुढं पुढं रविवारी यायचाच बंद झाला. सुनेला म्हणाला, "भाजीत मीठ कमी. म्हणून दाखव." तिनं ताट उचललं आणि आत गेली. तिचं काय चुकलं?

माझ्या शेळीचं तर ऐकण्यासारखं आहे. एकदा भिंतीवरून ओरडला, "सोनाबाई, तुमची शेळी आमच्या तुळशीत."

"बरं."

"बरं न्हाई. म्हणून दाखवा."

"माझी शेळी तुमच्या तुळशीत. मंग?"

"बराबर," म्हणाला आणि समाधानानं आत गेला. शेळीनं तुळस बुडख्यापर्यंत खाल्ली. त्याला त्याचं काही नाही. म्हणून दाखवलं होतं ना.

आणि विमान उतरलं की, कुठलं ते वेळेवरून ताडून, गच्चीवरून पुकारा. "हैदराबादचं उतरलं." "दिल्लीचं उतरलं." जसं काही गल्लीतलं कुणी त्यातनं यायचं होतं.

हे असंच चाललं असतं, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण बियाणेवाल्याला परवान्याचा रोग असतो. बियाण्याचा परवाना, खताचा परवाना, औषधाचा परवाना, तिन्ही काचेत घालून गादीच्या वर टांगलेले. लक्ष्मीच्या फोटोला उदबत्ती ओवाळली की हस्तीमल तीच परवान्यांना ओवाळतो. एक दिवस न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "शेठ, असला रेडिओ ऐकायला सरकारची परवानगी लागती." दुसरा म्हणाला, "बोलायला लागती, ऐकायला कशाला? कान काय सरकारचे हायेत का?" याच्या डोक्यात किडा शिरला. दिनेशनं परोपरीनं सांगितलं, "बाबूजी, तुम्हाला कुणी इचारून न्हाई राह्यलं. तुम्हीबी कुणाला इचारू नका."

हा गेला. धुतलेलं धोतर नेसून, रेडिओ रुमालात गुंडाळून, स्वतःच्या पायानं पोलिसांत गेला. म्हणाला, "याचा परवाना द्या, चौकट मी करून घेतो." तिथं कुणाला असल्या वस्तूची खबरच नव्हती. त्यांनी याला चहा पाजून घरी लावून दिलं आणि वरच्या साहेबांना विचारलं. दुसऱ्या दिवशी जीप दारात. चोराच्या घरी पोलीस येतात. यानं बोलावून आणले.

तर फौजदार समजावत होते. "शेठ, कायदा सांगतो. असला रेडिओ परवान्याबिगर घरात ठेवता येत न्हाई. जे बोलणं तुमच्यासाठी न्हाई, ते ऐकायचं न्हाई. आन ऐकलेलं दुसऱ्याला सांगितलं, तर ते त्याच्याहून वाईट."

मला राहवलं नाही. "मंग साहेब, समदी गल्लीच गाडीत भरा. मधी एक भिंत हाय. यांच्या घरातलं मी जलमभर ऐकलं. मला कुणी दिलाय परवाना?"

लोक हसले. फौजदार हसले नाहीत. "मावशी, गप ऱ्हावा. शेठ, सरळ सांगा. ऐकलेलं कुणाला सांगितलं का? सांगितलं असंल तर मला केस करावी लागंल. नसंल तर रेडिओ नेतो, समज देतो, विषय संपला."

शेंबड्या पोरालाही कळलं असतं काय बोलायचं ते. हस्तीमल म्हणाला, "सांगितलं. रोज सांगितलं. सगळ्यांला सांगितलं."

दिनेशनं कपाळाला हात लावला.

फौजदार त्याच्याकडे वळले. "काय सांगायचे हे?"

"न्हाई माहीत, साहेब," दिनेश म्हणाला. "बाबूजी बोलत असतात. मी ध्यान देत न्हाई."

न्हावी म्हणाला, "माझ्या दुकानात बोलायचे काहीतरी. मशीन चालू असतं, ऐकू येत न्हाई." दूधवाला म्हणाला, "मला तर घाईच असती."

मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गच्चीवरनं वरडायचे. काय वरडायचे ते देवाला ठावं."

"म्हंजे यांचं कुणी ऐकलंच न्हाई?"

"कुणीच न्हाई," सगळी गल्ली एका दमात म्हणाली. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. कानावर पडायचं, ऐकलं कुणी नव्हतं.

केस टळली. फौजदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "पुन्हा असलं आणू नका," म्हणाले आणि रेडिओ घेऊन गेले. दिनेश सुटल्यासारखा हसला. मी हस्तीमलच्या तोंडाकडे बघितलं. काय नेलं, ते त्यानं पुन्हा विचारलं नाही. चप्पल शोधली नाही. तसाच एका पायानं अनवाणी वर गेला.

त्यानंतर दूधवाला मनाला येईल तेवढं दूध ओतून जायला लागला. माझी शेळी तुळशीच्या नव्या फुटव्याला लागली. त्यानं बघितलं आणि तोंड फिरवलं. ते मला आवडलं नाही. भांडणारा शेजारी परवडतो.

तेव्हा मला त्याची बायको आठवली. कमलाबाई. दुकानाच्या छताला वर जायचा एक झरोका आहे. हा गादीवरून वर तोंड करून ओरडायचा, "चाय भेजो, दो कप." वरून ती म्हणायची, "चाय, दो कप." "आज कढी बनाओ." "कढी बनाती." साधं शिंकला तरी वरून उत्तर यायचं. भिंतीपलीकडून ते ऐकून माझे कान किटले होते. एकदा तिला म्हटलंही, "काय बाई पोपटासारखं परत परत." ती म्हणाली, "बोललं न्हाई तर त्यांला वाटतं, मी ऐकलंच न्हाई." ती गेली, आणि झरोक्यातून उत्तर यायचं बंद झालं. रेडिओ त्याच्या नंतरचा.

एका संध्याकाळी मी शेळ्या बांधत होते. वरून विमान गेलं, दिवा लुकलुकत. हस्तीमल गच्चीवर उभा. हातात काही नाही, तरी हात कानाशी. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाला, "उतरलं."

"उतरलं," मी खालून म्हटलं.

तो कठड्याशी आला. "काय?"

"विमान उतरलं. म्हणून दाखवलं. आता अंधार व्हायच्या आत खाली जा, जिना दिसत न्हाई तुम्हाला."

त्यानं जिन्याकडे बघितलं. मग म्हणाला, "अंधार व्हायच्या आत खाली जातो."

"बराबर," मी म्हटलं.

आता रोज म्हणावं लागतं. मला विमानाचं काही पडलेलं नाही. उत्तर दिलं नाही तर तो तिथंच उभा राहतो, म्हणून देते. या भिंतीला आमच्या वयाची चार माणसं होती. त्या बाजूची कमलाबाई गेली, या बाजूचे आमचे मालक गेले. तो आहे आणि मी आहे.