डॉक्टर काटेकरांचा 'आजचा प्रश्न'

एका जंगलात, बाळांनो, मोबाइलची रेंज थेट वारुळापर्यंत पोचली होती. तिथे काटेकर नावाचं एक साळिंदर राहत असे. ते डॉक्टर होतं, म्हणून आपण त्यांना अहोजाहो करू. नाहीतर त्यांचे काटे उभे राहतात.

त्यांच्याकडे भागूबाई अस्वलीण औषधाला येई. तिच्या फुप्फुसात वाईट गाठ होती. डॉक्टरांनी तिला नव्या तऱ्हेचं औषध टोचलं. हे औषध स्वतः गाठीला हात लावत नाही. शरीरातले पेंगलेले पहारेकरी ते गदागदा हलवून उठवतं. मग पहारेकरीच गाठीला बडवतात.

पहारेकरी उठले. गाठ निम्मी झाली. पण उठलेला पहारेकरी स्वस्थ बसतोय होय? त्यांनी भागूबाईच्या आतड्यालाच चोर समजून झोडायला सुरुवात केली.

"डागदर, सकाळधरनं अकरा येळा करवंदीच्या जाळीमागं जाऊन आले," भागूबाई कण्हली. "आता ती जाळी माझ्याच नावावर करा."

डॉक्टरांनी जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी अकराचे पंधरा झाले. तिसऱ्या दिवशी तिला उठवेना. असंच चाललं तर ही जगत नाही, हे डॉक्टरांना कळत होतं. काय करावं, ते मात्र कळत नव्हतं.

आता हे औषध देणाऱ्या डॉक्टरांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. नाव 'अडल्यास विचारा'. दोन वर्षांत तिथे कुणी अडलं नव्हतं. रोज सुप्रभात आणि रोज सत्काराचे फोटो, बस्स!

अशा ठिकाणी 'मला येत नाही' असं लिहायचं? डॉक्टरांचे काटे ताठ झाले. मग त्यांना युक्ती सुचली. त्यांनी लिहिलं, 'आजचा प्रश्न! नवं औषध, पंधरा जुलाब, पेशंट अस्वल. उपाय सांगा पाहू! बघू, कुणाचा अभ्यास झालाय!'

डॉक्टर गेंड्यांनी लिहिलं, 'सोपा आहे सर. पण मी नवोदितांना संधी देतो.'

डॉक्टर मोर म्हणाले, 'मला ठाऊक आहे. पण आधी सरांच्या तोंडून ऐकू.'

सतरा जणांनी नुसते हात जोडले.

'लवकर! वेळ संपत आलीय!' डॉक्टरांनी लिहिलं.

'किती वेळ आहे सर?' गेंड्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी भागूबाईकडे बघितलं. 'फार नाही.'

तेवढ्यात माळावरच्या लहानशा दवाखान्यातली डॉक्टर टिटवी बोलली. 'सर, माझ्याकडे असंच एक रानडुक्कर होतं. मी तीन दिवस नुसत्या जुलाब थांबवायच्या गोळ्या देत बसले. चुकलंच माझं. ते नवं औषध थांबवा, उठलेले पहारेकरी शांत करायला स्टिरॉइड चालू करा, आणि मोठ्या दवाखान्यातल्या पोटाच्या डॉक्टरांना आजच दाखवा. पेशंट खरा असेल तर फोन करा. मी आहे.'

डॉक्टरांनी फोन केला नाही. बाकी सगळं मुकाट्याने केलं. आठवड्याभरात भागूबाई उठून पेज प्यायला लागली.

मग त्यांनी ग्रुपवर निकाल लावला. 'टिटवीचं उत्तर बरोबर. दहापैकी सहा गुण. चूक कबूल केल्याबद्दल चार कापले.'

'मी अगदी हेच लिहिणार होतो,' गेंडे म्हणाले.

असा प्रश्न काढणाऱ्याचा सत्कार नको का? नको कसा! वडाखाली सभा भरली. डॉक्टरांना शाल पांघरली. काट्यांनी तिची लगेच चाळण झाली. भागूबाई पहिल्याच रांगेत बसली होती, टिटवीच्या शेजारी.

अध्यक्ष गेंडे गरजले, "सरांना उत्तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!"

भागूबाई उठली. "व्हय का वं, डागदर? ठावं होतं, तर मला तीन दिस जाळीमागं का पळवलंत?"

आता बघा पंचाईत! स्वतःला अडाणी म्हणवून घ्यावं, की दुष्ट?

डॉक्टरांनी उरलीसुरली शाल सावरली. "तो प्रात्यक्षिकाचा भाग होता," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. भागूबाईने तेवढ्यात टिटवीचा नंबर मागून घेतला.

तात्पर्य : आपल्याला येत नसेल, तर कधी विचारू नये, इतरांची परीक्षा घ्यावी. पेशंट वाचला तर शाल मिळते. न वाचला, तर प्रश्नच अवघड होता असं म्हणता येतं.