शुक्रवारच्या पत्रातला नववा मुद्दा

शाळा इमारतीत भरत नसून पत्रात भरते, हे सत्य समाजाला अजून नीटसे उमगलेले नाही. इमारत काय, कुणीही बांधतो. पण दर शुक्रवारी दुपारी चारच्या ठोक्याला सहाशे अकरा पालकांच्या मोबाइलवर नऊ मुद्द्यांचे साप्ताहिक पत्र धाडायला आमच्या मोठ्या बाईच लागतात. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मी त्यांच्या कार्यालयातला लिपिक. बाई सांगतात, मी टाइप करतो आणि शाळेची प्रगती होते.

पत्र शुक्रवारी जात असले, तरी बुधवारीच तयार असते. उरलेले दोन दिवस शाळेने पत्राप्रमाणे वागायचे असते. (एकदा चित्रकला स्पर्धा पत्रात उत्साहात पार पडली आणि मुलांना त्याचा पत्ताच नव्हता. मुलांना समज देण्यात आली.)

पत्रात वाईट बातमी नसते. वाईट घडत नाही असे नव्हे; ते लिहायची एक रीत असते. यंदाचे काही नमुने मी मुद्दाम फाइलला लावून ठेवले आहेत:

गणिताचे सर सहामाहीतच सोडून गेले, नवे आले नाहीत: ‘सहावी-सातवीला स्वयंअध्ययनाचा विशेष लाभ.’

स्वच्छतागृहाच्या तीन दारांना आतून कड्या नाहीत: ‘परस्पर विश्वासाचे वातावरण.’

गच्चीवरच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीचे झाकण वाऱ्याने उडाले: ‘पाण्याला आता भरपूर सूर्यप्रकाश.’

ग्रंथालयाची किल्ली हरवली: ‘सर्व पुस्तके सुस्थितीत.’

यातल्या शेवटच्या वाक्यात तर एक अक्षर खोटे नाही. अशी हातोटी उगाच येत नाही, त्याला बावीस वर्षांची सेवा लागते.

आता कठड्याचे सांगतो. दुसऱ्या मजल्यावर जिना संपतो तिथे लोखंडी कठडा होता. त्याचे दोन खांब तळाशी गंजून सुटले. शिपाईकाकांनी हात लावून पाहिला, तर कठडा वीतभर बाहेर झुकला. खाली सरळ फरशीचे अंगण. काका धापा टाकत कार्यालयात आले.

“बाई, वरचा कठडा गेलाय. पोरं रेलतात त्याच्यावर. आजच्या आज वेल्डर बोलवा.”

बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. वार बुधवार होता आणि सातवा मुद्दा रिकामा होता. बाई म्हणाल्या, “घ्या. ‘दुसऱ्या मजल्यावरील कठड्याची तत्परतेने दुरुस्ती करण्यात आली.’”

वेल्डर शुक्रवारपर्यंत यायचा होता. तो आला नाही. पत्र गेले.

सोमवारी काकांनी लेखी अर्ज दिला. बाईंनी तो पत्राची प्रत जोडून परत पाठवला. शेरा असा: दुरुस्त झालेला कठडा पुन्हा दुरुस्त करता येत नाही. तसे केल्यास मागील पत्र खोटे ठरेल, आणि पालकांशी खोटे बोलणे शाळेच्या धोरणात बसत नाही. यावर काय बोलणार, कपाळ? काकांनी आपले कठड्याला दोरखंड आवळून बांधले. तेही सोडावे लागले, कारण दुरुस्त कठड्याला दोरखंड शोभत नाही. मात्र बाई काही निर्दय नव्हेत. पुढच्या पत्रात त्यांनी ‘ताठ कणा सप्ताह’ जाहीर केला: मुलांनी भिंतीकडेने, कशालाही न टेकता चालावे. चौतीस पालकांनी टाळ्या पाठवल्या.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत काका कठड्यासमोर हात पसरून उभे राहू लागले. (पत्रात: ‘मुलांच्या स्वागताला काका वरच्या मजल्यावर.’)

माझी भाची सातवीत, त्याच मजल्यावर. खरे सांगतो, माझी पाचावर धारण बसली होती. मी ताईला फोन केला.

“ताई, वरचा कठडा सुटलाय. पोरीला सांग, तिकडे फिरकू नकोस म्हणावं.”

“काहीतरीच काय! दुरुस्त झाला ना तो? पत्रात आलं होतं.”

“अगं, ते पत्र मीच टाइप केलंय!”

“मग तर खरंच असणार,” ताई म्हणाली. भाचीला फोन देता आला नाही, घरीही तिचा स्वयंअध्ययनाचा तास चालू होता.

बाईंसमोर तोंड उघडायची माझी छाती नाही, पण टाइप करायची आहे. नववा मुद्दा नेहमी ‘सहकार्याबद्दल आभार’ असाच असतो, म्हणून बाई तो तपासत नाहीत. तिथे मी लिहिले: ‘दुसऱ्या मजल्यावरचा कठडा दुरुस्त झालेला नाही. तो पडणार आहे. मुलांना सांगा आणि शाळेला जाब विचारा.’

चार मिनिटांत पाचशे त्र्याऐंशी उत्तरे आली. (पत्र वाचायला सहा मिनिटे लागतात. पालकांचा वेग कौतुकास्पद आहे.) तीनशे चाळीस अंगठे, दोनशे नमस्कार, बाकीचे ‘छान’ आणि ‘अभिमान वाटतो’. एका वडिलांनी ‘अभिनंदन’ लिहिले, कुणाचे ते लिहिले नाही. ताईने लिहिले, ‘खूपच सुंदर उपक्रम.’

मंगळवारी मधल्या सुट्टीत पोरांचा लोंढा आला, कुणाचा तरी धक्का लागला आणि भाची थेट कठड्यावर आदळली. काकांनी तिला खांद्याला धरून आत खेचले आणि स्वतः कठड्यासकट खाली गेले. मी धावत अंगणात पोचलो. काकांचे कमरेचे हाड मोडले होते, उजवा हात लोंबत होता. ते म्हणाले, “पोरगी वरच आहे ना?” मला तिथेच रडू फुटले. (लिपिकाने कामाच्या वेळेत रडू नये.)

त्या शुक्रवारचे पत्र: ‘दुसऱ्या मजल्यावर आता मोकळी हवा. शिपाईकाका विश्रांतीवर.’

पालकसभेला तोबा गर्दी. “आम्हाला सांगितलं का नाही?” म्हणून आरडाओरडा. माझी नोकरी गेली असे मी धरून चाललो होतो. पण बाईंनी माझ्याकडे चक्क मायेने पाहिले आणि नववा मुद्दा, खाली पाचशे त्र्याऐंशी उत्तरे नावानिशी, अशा प्रती सभेत वाटल्या. सभेला घाम फुटला. ताईने आपली प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग मागून एक वडील म्हणाले, “अहो, पण शेवटपर्यंत कोण वाचतं?”

हे सर्वांना पटले. यापुढे पत्र आठच मुद्द्यांचे असावे, असा ठराव एकमताने झाला. ताईचाही हात वर होता. काकांना दवाखान्यात भेटायला माझ्याशिवाय कोण गेले, हे पत्रात आले नाही, कारण कुणीच गेले नाही.

नवा कठडा आता बसला आहे, चांगला भक्कम आहे. त्या पालकांना तुम्ही मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या असतील, आभारी आहे. फक्त एक राहिले. वर, तिसऱ्या नमुन्यात, मी टाकीच्या झाकणाचे लिहिले होते. ते अजून बसवलेले नाही. पोरे रोज तेच पाणी पितात. तुम्ही तिथे हसलात आणि पुढे वाचायला लागलात.