बदाम एकनाथ बोरसे

चि. ईशा आणि चि. नील,

गेल्या रविवारी फोनवर ईशाने सांगितलं, की तुमच्या गावच्या कोर्टात एक शिकवलेला कुत्रा ठेवला आहे. लहान मुलं घाबरली की तो त्यांच्या पायाशी जाऊन बसतो. त्याला गळ्यात ओळखपत्र आहे, त्याचा फोटो पेपरात येतो. "आजी, तुमच्याकडे असलं काही नसेल ना?" असं तिने विचारलं, आणि मला त्या ओळखपत्रवाल्या कुत्र्याचा चक्क हेवा वाटला. आमच्या जळगावच्या कोर्टात असा कुत्रा ऐंशीचं दशक संपता संपता होता. त्याचा फोटो कुणी काढला नाही. त्याच्या मालकाने काढू दिला नसता. त्या मालकाबद्दल आता लिहून ठेवते, कारण मला सोडून ते सांगणारं कुणी राहिलेलं नाही.

नाना बोरसे हे मी पाहिलेले सर्वांत मत्सरी गृहस्थ. पैसा, मान, दुसऱ्याचा बंगला यांचं त्यांना काही नव्हतं. त्यांचा सगळा मत्सर एका तांबूस गावठी कुत्र्यापुरता होता. बदामने दूधवाल्याला पाहून शेपूट हलवली, तर नानांनी दूधवाला बदलला. नव्या दूधवाल्यालाही पाहून हलवली, तेव्हा नाना स्वतः बरणी घेऊन डेअरीवर जाऊ लागले. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला ते राहत. एकदा मी बदामला उरलेली पोळी घातली, तर संध्याकाळी नाना दारात. हातात कागदात गुंडाळलेली एक पोळी.

"ही घ्या परत. आमच्या घरीबी चूल पेटते, बाई."

कुणी बदामला कुरवाळलं, की नाना तेवढीच जागा ओल्या पंच्याने पुसून काढत. मूळचे ते धुळ्याकडचे. एरवी कोर्टातलं शुद्ध मराठी बोलत, पण राग आला की अहिराणी वर यायची. "मना शे तो. बठ्ठास्ना नई." म्हणजे, तो माझा आहे, सगळ्यांचा नाही. दिवसातून चारदा तरी हे कानावर पडायचं.

नाना कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली टाइपरायटर घेऊन बसत. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार. टेबलाखाली बदाम. आता कोर्टात तारखेला आलेल्या लहान मुलांना दिवसभर करायला काही नसतं. मोठी माणसं एकमेकांकडे पाठ करून बसलेली असतात. मुलं सरकत सरकत नानांच्या टेबलाखाली पोहोचायची. नानांनी टेबलाच्या पायाला सूचना टाइप करून चिकटवली: 'सदर टेबलाखालील जागा खासगी असून तेथे विनापरवाना बसणाऱ्यांविरुद्ध कार्यवाही करण्यात येईल.' बसणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाचता येत नव्हतं. उरलेल्यांना 'विनापरवाना'चा अर्थ ठाऊक नव्हता.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. आईवडिलांच्या भांडणात मूल कुणाकडे राहणार, अशी प्रकरणं असत. त्यात जज्जसाहेब मुलाशी आपल्या खोलीत बोलत, तेव्हा जवळ एखादी शिक्षिका असावी असं त्यांना वाटे. म्हणून मला बोलवत. मी रंगीत खडू नेई, चित्रांची पुस्तकं नेई, लिमलेटच्या गोळ्या नेई.

रावेरकडच्या सुमीवर यांतल्या कशाचाच परिणाम झाला नाही. सात-आठ वर्षांची. वडिलांची केळीची शेती, आई भांडून धरणगावला माहेरी गेलेली. दोघांनाही मुलगी हवी होती. साहेबांनी विचारलं, "बाळ, तुला कुठे राहावंसं वाटतं?" सुमीने फ्रॉकची कड तोंडात घातली ती बाहेर येईपर्यंत काढली नाही. पुढच्या तारखेलाही तेच. साहेब मला म्हणाले, "बाई, ती बोलली नाही तर मला कागद पाहून निकाल द्यावा लागेल. आणि कागद दोघांचेही चांगले आहेत."

बाहेर आले तर सुमी नानांच्या टेबलाखाली बदामच्या पोटावर डोकं ठेवून त्याच्या कानात भराभरा काहीतरी सांगत होती. माझे महागाचे खडू पिशवीत होते. मला जे वाटलं ते नानांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आम्ही दोघं एकाच वेळी एकाच कुत्र्यावर जळत होतो. मी सुमीमुळे आणि ते बदाममुळे.

साहेबांची परवानगी काढून मी त्या संध्याकाळी नानांकडे गेले.

"पुढच्या तारखेला बदामला साहेबांच्या खोलीत न्यायचंय. अर्धा तास."

"नाही."

"नाना, त्या पोरीचा प्रश्न आहे."

"तुमच्या घरी यजमान वकीलसाहेब आहेत, लेक आहे, शाळाभर पोरी आहेत. मना हाऊ एकच शे." ते बदामकडे न बघता बोलत होते. "आज मी घरी चल म्हटलं, तर तो त्या पोरीच्या रिक्षामागं धावला. नाक्यापर्यंत. मी हाका मारतोय. मागं वळून पाहिलं नाही त्यानं."

"माया दिल्याने कमी होत नाही, नाना."

"तुम्हाले इंग्रजी येतं म्हणून ते खरं होत नाही," नाना म्हणाले, आणि चहासुद्धा न विचारता आत गेले.

तारखेच्या दिवशी ते बदामला घेऊन आले. दोन अटी होत्या. साखळी त्यांच्याच हातात राहील, आणि बदामचा पुकारा रीतसर, पूर्ण नावाने व्हावा. पहिली अट साहेबांनी फेटाळली, खोलीत परका माणूस नको म्हणून. दुसरी त्यांनी चष्मा पुसत मान्य केली. शिपायाने दारात उभं राहून नेहमीच्या आवाजात पुकारलं, "बदाम एकनाथ बोरसे, हाजिर होऽऽ"

सगळा व्हरांडा वळून पाहू लागला. बापाच्या जागी आपलं नाव ऐकून नाना ताठ उभे होते. बदाम मात्र सुमीच्या मागून सरळ आत गेला.

साहेबांनी काही विचारलंच नाही. ते फाइल वाचत बसले. सुमी फरशीवर बसली, तिने बदामचा कान हातात धरला आणि म्हणाली, "मले आईकडे राह्यचंय. पण आप्पाले सांगू नको हां. आप्पा रडतात मंग."

एवढंच होतं. इतके दिवस ती ह्यासाठी गप्प होती.

साहेबांनी फाइल मिटली. मग बदाम उठला, दारापाशी गेला आणि पुढच्या पायांनी दार खरवडू लागला. मी दार उघडलं. नाना अगदी दाराला लागून उभे होते, आणि त्यांनी आतलं सगळं ऐकलं होतं. बदाम त्यांच्या गुडघ्यांवर चढला, शेपटीसकट सगळा हलत.

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर झाला. सुमी आईकडे, आणि शाळेच्या सुट्टीत वडिलांकडे. मायलेकी रिक्षाने गेल्या. वडील व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. त्यांचे वकीलसुद्धा पुढच्या कामाला निघून गेले होते.

नानांनी टाइपरायटरवर झाकण घातलं. बदामला घेऊन ते बाकापाशी गेले आणि साखळी त्या माणसाच्या हातात दिली.

"धरा जरा."

त्या माणसाला काही कळलं नाही.

"मनाच शे तो," नाना म्हणाले. "पण बसू द्या थोडा वेळ तुमच्यापाशी."

बदामने त्या माणसाच्या चपलेवर हनुवटी टेकली. नाना बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, कोर्ट बंद होईपर्यंत. त्या दिवशी त्यांनी बदामला पंच्याने पुसलं नाही.

नाना गेले, बदाम त्यांच्या आधी गेला. शेडच्या जागी आता झेरॉक्सची दुकानं आहेत. साहेबांच्या त्या खोलीत हल्ली जुन्या फायली ठेवतात. पण तिचं दार तेच आहे, आणि दाराच्या आतल्या बाजूला, खाली, नखांचे ओरखडे आहेत. वर दोनदा रंग दिला, तरी दिसतात.

तुमची आजी