घड्याळांच्या अहवालावरील स्वारी

आधी श्रीहरीचे नाम मुखी घेऊन, मग ज्या सज्जन श्रोत्यांनी आजवर आमची बेसूर पदेही मान डोलावून ऐकिली त्यांस दंडवत घालून, सूनबाईसाहेबांनी घरबसल्या विद्यापीठाचे ग्रंथालयावर जी स्वारी केली तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. वार बुधवार, समय सकाळचे नऊ, आभाळ स्वच्छ, इंटरनेट बेताचे.

स्वारीचे कारण ऐसे जे, सूनबाईसाहेब अर्थशास्त्राच्या संशोधक, विद्यापीठ बसने सहा तासांवर, आणि प्रबंधाचा विषय घड्याळदुरुस्तीचा धंदा कैसा मोडला व मोडता मोडता कोठे टिकला. हा विषय सुचला तो सासरेबुवांकडे पाहोन. कारण सासरेबुवांनी चाळीस वर्षे एका इमारतीचे जिन्याखाली टेबल मांडोन, डोळ्यास भिंग लावोन, हजारो बंद घड्याळे चालती केली होती. प्रबंधाचे चौथे प्रकरण सिद्ध जाहले, परंतु एक तक्ता उणा राहिला. दहा वर्षांत दुरुस्तीची दुकाने किती होती आणि किती उरली, हा हिशेब घड्याळ-व्यापाराच्या एका अहवालात, आणि तो अहवाल ग्रंथालयाचे ऑनलाइन दफ्तरात बंदोबस्ताने ठेविलेला. मार्गदर्शक सरांची दोन मुदतवाढींची मेहेरबानी आधीच खर्ची पडली होती, आणि तिसरे फर्मान ऐसे आले की आज सायंकाळी पाच वाजेतो प्रकरण तक्त्यासह रुजू न जाहल्यास नोंदणी रद्द. पाच वर्षांची मेहनत पाच वाजण्यावर येऊन ठेपली.

मग सूनबाईसाहेबांनी आतल्या खोलीत लॅपटॉप मांडिला, केस वर बांधिले, देवास हात जोडिले आणि कूच केले. पहिला दरवाजा परवलीच्या शब्दाचा. तो दुसऱ्या हल्ल्यात पडला. दुसरा दरवाजा कपटी. तो फोनावर सहा आकडे धाडितो, आणि मिनिटभरात ते आकडे टाकिले नाहीत तर आकडे बाद. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि तेथे ठाण मांडोन सासूबाई, ज्या या घराच्या दिवाण, सेनापती आणि वेळप्रसंगी न्यायाधीशही. त्यांस हुकूम गेला की आकडे वाचावे.

"पाच... दोन... थांब गं, चष्मा कुठंय... हां, नऊ..."

"आई, भरभर! मिनिटात मरतो तो!"

"मरू दे मेला, दुसरा येईल!"

आणि दुसरा आला, तोही चष्म्याच्या शोधात खर्ची पडला. मग तिसऱ्या खेपेस सासूबाईंनी चष्मा आधी चढविला आणि आकडे ऐसे कडाडले की शेजारचे दार उघडोन पुन्हा मिटले. दरवाजा पडला.

फौज आत शिरली आणि अहवाल नजरेस आला. आता तक्ता हाती येणार, तोच पडद्यावर फलक झळकला की या अहवालास एका समयी एकच वाचक, जागा रिकामी नाही, मागाहून यावे.

मग वेढा पडला. दर दहा मिनिटांनी हल्ला करावा आणि दर हल्ल्यास तोच फलक पाहोन माघारी यावे, ऐसे करिता अकरा वाजले, बारा वाजले. आत कोण बसला आहे, याची मसलत स्वयंपाकघरात जाहली. सासूबाईंचे मत पडले की कोणी श्रीमंत घड्याळ-व्यापारी असावा. सूनबाईसाहेबांस संशय त्याच विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या एका अज्ञात प्रतिस्पर्ध्याचा.

ते समयी सासरेबुवा पुढल्या खोलीत खिडकीपाशी, मांडीवर टॅब घेऊन, सकाळी सातापासून वाचीत बसले होते. भिंतीपल्याडचा गलबला कानी पडोन त्यांणी विचारिले, "काय गं, काय झालं?"

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "अहो, त्या ग्रंथालयात कुणीतरी सकाळपासून ठाण मांडून बसलाय. पोरीला आत शिरू देत नाही."

"मग उठवा की त्याला! आपल्यामागं कुणी खोळंबलंय एवढंही कळत नाही? माणूस आहे का दगड?"

ऐसा न्याय देऊन ते पुन्हा वाचनात बुडाले. जेवावयास हाक गेली, त्यास उत्तर आले की आता नाही. कारण त्यांचे धंद्याचा कडक रिवाज ऐसा की एकदा घड्याळ उघडिले म्हणजे ते मिटविल्याखेरीज टेबलावरून उठावयाचे नाही. उठला आणि वारा आला, की केसाएवढी स्प्रिंग गेलीच. टेबल सुटोन सहा वर्षे जाहली, रिवाज सुटला नव्हता.

दोन वाजले. सूनबाईसाहेबांचा धीर सुटत चालला. त्यांणी ताटावर बसोन घास मोडिला आणि तैसाच ठेविला. मग निकराची तजवीज म्हणोन ग्रंथपालबाईंस फोन लाविला. तो लागेना, लागला तो गाणे ऐकवीत राहिला, अखेर साडेतीनास ग्रंथपालबाई स्वतः बोलत्या जाहल्या.

"मॅडम, आत कोण आहे तेवढं सांगा. मी पाया पडते त्याच्या."

"नाव सांगता येत नाही, ताई. नियम आहे."

"मग त्याला बाहेर तरी काढा. पाच वाजता माझी नोंदणी जाईल हो!"

पलीकडे कळफलकाची टकटक जाहली.

"ताई, तुमचा सभासद क्रमांक काय म्हणालात?"

तो सांगितला.

"अहो, मग तुम्हीच बसलाय की आत! सकाळी सात वाजून चार मिनिटांपासून. सत्तेचाळीस पानं वाचून झालीत तुमची. आणि सावकाश वाचताय हं, अगदी मन लावून."

सूनबाईसाहेब दगड जाहल्या. मग आठवले की सकाळी सासरेबुवा म्हणाले होते, माझ्या धंद्यावर एवढं काय लिहिलंय ते बघू तरी. आणि सूनबाईसाहेबांनी आपलेच हाताने टॅबवर आपलेच नावे अहवाल उघडोन दिला, आणि तक्ता नंतर पाहू म्हणोन अंघोळीस गेल्या.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," सासूबाई कपाळास हात लावोन म्हणाल्या. देव देव्हाऱ्यात आणि भक्त सात डोंगर पालथे घालितो, ऐसे आमचे कीर्तनकार बुवा झांज थांबवोन सांगतात, ते उगाच नव्हे.

दोघी पुढल्या खोलीत चालोन गेल्या. सासरेबुवांस वृत्त कळले, आणि त्यांचे तोंड इतके उतरले की पाहवेना.

"म्हणजे तो दगड मीच होय?" आणि ते रिवाज मोडोन, उभ्या जन्मात प्रथमच, उघडे काम टाकोन उठू लागले.

"बसा बाबा, उठू नका!" सूनबाईसाहेबांनी खांदा दाबिला. "तुम्ही आत म्हणजे मीच आत. मी खुर्ची आणते."

मग खुर्ची शेजारी लागली आणि तक्ता मागे कोठेसा गेला म्हणोन शोध सुरू होणार, तोच सासरेबुवांनी चष्म्याच्या डबीतून चिठ्ठी काढिली. बारीक, कोरीव अक्षरात लिहिले होते: पान एकेचाळीस, तक्ता तिसरा, चूक.

"चूक कसली, बाबा?"

"ह्यांनी पाटी असलेली दुकानंच मोजलीत. मी जिन्याखाली बसायचो. माझ्यासमोर फाटकापाशी एक जण बसायचा, अजून बसतो. आम्हाला कुणी मोजलं? दुकानं बुडाली म्हणतात. दुकानं बुडाली, दुरुस्ती कुठं बुडाली?"

 धंदा टिकला कोठे, या प्रश्नाचे उत्तर सूनबाईसाहेब पाच वर्षे ग्रंथांत शोधीत होत्या.

मग सासरेबुवांनी आकडे वाचावे, सूनबाईसाहेबांनी टंकावे आणि सासूबाईंनी फोन हाती धरोन मिनिटे पुकारावी, ऐसा अखेरचा संग्राम जाहला. तक्ता बसला, त्याखाली चार ओळींची टीप बसली, आणि पाचास तीन मिनिटे असता प्रकरण रवाना जाहले. पाच वाजोन वीस मिनिटांनी सरांचा खलिता आला: "तक्ता पोचला. त्याखालची टीप तक्त्याहून मोठी आहे. तिचं स्वतंत्र प्रकरण करा. नोंदणी कायम."

ग्रंथपालबाईंशी तह जाहला तो ऐसा की सभासदाचे नावे दुसऱ्याने एकट्याने वाचू नये. सभासद शेजारी असावा. तो तह सूनबाईसाहेबांनी तत्काळ पाळिला. सरांचा खलिता वाचोन त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत, कारण अहवालाची नऊ पाने बाकी होती. ती दोघांनी मिळोन वाचिली, सासरेबुवांनी स्वतःचे हाताने अहवाल बंद केला, आणि मगच ताटावर बसले.

येणेप्रमाणे बुधवारी सायंकाळी गड फत्ते जाहला. दफ्तरी नोंद एका वाचकाची. वाचणारे दोघे होते, ते येथे लिहोन ठेविले. इति लेखनसीमा, श्रीहरी सर्वांस सुबुद्धी देवो.