ग्लुटामेटला मराठी नाव देण्याबाबत

मेंदूत काय चालते हे कळण्याआधी त्याला काय म्हणावे हे ठरले पाहिजे, यावर सर्व विद्वानांचे एकमत आहे. (मतभेद त्यानंतर सुरू होतात.)

जोतीराम माने हा साताऱ्यातला हंगामी अधिव्याख्याता. १९७४ साली त्याने मेंदूवर मराठीत पुस्तक लिहिले. जूनच्या आत ते परिभाषा उपसमितीने मंजूर केले तर नोकरी कायम; नाहीतर रहिमतपूरला, थोरल्या भावाच्या हाताखाली उसाला पाणी पाजायचे. गाडे अडले होते ग्लुटामेटपाशी.

समितीच्या सात बैठका झाल्या. (चहा एकशे तीस कप, शब्द शून्य.) आठवीला नियमाप्रमाणे एक ‘सामान्य माणूस’ बोलावला, पाटणचे निवृत्त हवालदार हरिबा. जोतीरामने त्यांना समजावले, मेंदूतली एक पेशी ग्लुटामेट सोडते, ते मधली फट ओलांडून दुसरीला चिकटते, आणि दुसरी जागी होते.

“म्हंजी ही हाळी देती आन् ती व्हय म्हनती,” हरिबा म्हणाले. “मंग हाळीच म्हना की, सर. लय सोपं हाय!”

जोतीरामच्या अंगावर मूठभर मांस चढले. त्याने तसेच लिहूनही टाकले. अध्यक्षांचा चेहरा मात्र उतरला. सामान्य माणसाला कळणारे शब्द शास्त्रात घेतले तर प्राध्यापक पोसायचे कशाला, हा त्यांचा सवाल रास्तच होता. ‘अवाजवी आकलन’ या कारणास्तव हरिबांना सामान्य माणसांच्या यादीतून वगळण्यात आले आणि एक तेरा अक्षरी शब्द एकमताने मंजूर झाला.

जोतीरामने एकेचाळीस ठिकाणची हाळी स्वतःच्या हाताने खोडली. खोटे कशाला सांगा, खोडताना त्याला रडू आले. पण नोकरी कायम झाली.

पुढे सांगलीत एकशे बारा शिक्षकांपुढे पुस्तकाचे जाहीर वाचन झाले. ‘उत्तेजनसंदेशवाहकाम्लद्रव्य’ येताच सर्वांनी माना डोलावल्या. कोणीतरी हात वर करील, विचारील, म्हणून जोतीराम किती वेळ थांबला. कोणी विचारले नाही. अहवालात नोंद झाली, ‘शंका : निरंक.’ जो विचारत नाही तो समजलेला, असा समितीचा नियमच आहे.

आपणही आत्ता तो शब्द अर्ध्यावर सोडून पुढे सरकलात. संकोच नको. समजलेल्यांच्या यादीत एकशे तेरावे नाव आपलेच आहे.