दही लागल्याचा पुरावा

पार्सिपनी येथील निवृत्त अभियंता श्री. दिगंबर पाळंदे यांच्या पैशाने हिवाळाभर एक घर गरम ठेवण्याची जबाबदारी 'ब्लेस्ड एम्बर' या कंपनीने घेतली होती, आणि ती तिने यथासांग पार पाडली. फक्त घर शेजारचं होतं.

झालं ते असं. थंडी तोंडावर आली तेव्हा कंपनीचा टँकर घरच्या भट्टीचं तेल, म्हणजे हीटिंग ऑइल, घेऊन आला. पाळंदे पतिपत्नी भाजी आणायला एडिसनला गेले होते. ड्रायव्हरने नळी ओढली ती शेजारच्या हॅरल्डच्या अंगणात, हॅरल्डची टाकी गळ्यापर्यंत भरली, आणि पावती मात्र बिनचूक पाळंद्यांच्या दाराला अडकवून तो निघून गेला. हॅरल्ड हिवाळ्यात फ्लोरिडाला असतो. त्याच्या घरात चिटपाखरू नसतं. त्या चिटपाखराला थंडी वाजू नये अशी चोख व्यवस्था झाली.

हॅरल्डच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम दिगंबररावांकडे होतं, म्हणून किल्लीही त्यांच्याकडेच. आपल्या घरची भट्टी खोकून खोकून गप्प झाली त्या दिवशी ते कानटोपी, मफलर, दोन स्वेटर अशा जामानिम्यात झाडांना पाणी घालायला गेले आणि घाम पुसत बाहेर आले. मग त्यांनी पावती पुन्हा वाचली, दोन्ही घरांकडे पाहिलं, आणि कंपनीला फोन लावला.

"मिस्टर डिग, हे ऐकून मला मनापासून वाईट वाटतंय," ग्राहक-समाधान विभागातला केविन म्हणाला. त्याच्या मनाला ही सवय असावी, कारण वाईट वाटताना त्याला श्वास घ्यावा लागला नाही.

"वाईट वाटून घेऊ नका हो. माझी टाकी भरून द्या."

"ते शक्य नाही, सर. तुमची टाकी भरलेली आहे. भरलेल्या टाकीत ऑइल ओतणं सुरक्षेच्या नियमांत बसत नाही."

"माझी टाकी रिकामी आहे! मी आत्ता ठोकून पाहिली. घुमते ती!"

"तुमच्याकडची रिकामी असेल, सर. आमच्याकडची भरलेली आहे."

दिगंबररावांनी आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या टाक्यांचं डिझाइन केलं होतं. एकच टाकी दोन ठिकाणी दोन अवस्थांत असू शकते हे त्यांना नवीन होतं. "बरं," ते म्हणाले, "मग पैसे परत करा."

"अवश्य. पण रिफंड आम्ही रिकामा पाठवत नाही. तो पुढच्या ऑइलबरोबर येतो, क्रेडिट म्हणून. आणि पुढचं ऑइल टाकी संपल्यावर."

"अहो, रिकामाच पाठवा! नुसता पाठवा!"

"तशी आमच्याकडे पद्धत नाही, सर," केविन म्हणाला. त्याच्या आवाजात पाहुण्याला नुसत्या चहावर वाटेला लावायला सांगितल्याची व्यथा होती.

तरीही तक्रार नोंदवली गेली. तिचे नियम केविनने सविस्तर सांगितले. गेल्या वर्षी कंपनीने पाळंद्यांच्या दिवाणखान्यात एक हुशार थर्मोस्टॅट फुकट बसवून दिला होता. तो घरचं तापमान कंपनीला कळवत असे. अडुसष्ट अंश फॅरनहाइट ही समाधानरेषा. तिच्या खाली ग्राहक असमाधानी, वर समाधानी. ग्राहक असमाधानी असेपर्यंतच तक्रार जिवंत. घर गरम झालं, मग ते कशानेही होवो, की तक्रारीचं कारण संपलं. दुसऱ्या कंपनीकडून ऑइल घेतलं तर प्रश्नच मिटला.

"म्हणजे मी थंडीत बसलो तरच तुम्ही माझं ऐकणार?"

"आम्ही तुमच्याबरोबर आहोत, सर."

फोन ठेवला तेव्हा सुमित्राकाकू समोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मला एक सांगा. दासनवमीला आपल्याकडे कीर्तन आहे ते लक्षात आहे ना? ती कीर्तन करणारी चैत्राली स्टेट कॉलेज गावाहून बर्फातून ड्राइव्ह करत येणार. पोरीचा गळा बसला तर? मागवा दुसरं ऑइल आणि विषय संपवा."

"सुमित्रा, प्रश्न पैशांचा नाही. तत्त्वाचा आहे."

"तत्त्व पांघरून झोपा मग. मी रजई घेते."

आणि पाळंदे यांचं घर रीतसर असमाधानी राहू लागलं. एक छोटा विजेचा हीटर झोपायच्या खोलीत, एक बेसमेंटमध्ये नळ गोठू नयेत म्हणून. दिवाणखाना मात्र कडकडीत. दिगंबरराव दर तासाला थर्मोस्टॅटपुढे उभे राहत आणि आकडा खालीच असल्याचं पाहून ऊब मिळाल्यासारखे परत येत. काकूंनी एकदा पुरणपोळ्या करायला घेतल्या तर तेही बंद. "स्वयंपाकघराचं दार लाव आधी," ते ओरडले. "दोन अंश वाढले! केस जाईल माझी!"

काकूंनी पोळ्या सोडल्या. पण दही कसं सोडणार? कीर्तनानंतर प्रसादाला दहीपोहे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. आणि या घरात दूध विरजलं की सकाळी दूधच. काकूंना कंपनीचे नियम ठाऊक नव्हते, पण विरजणाचे पक्के ठाऊक होते. त्यांनी हॅरल्डच्या घराची किल्ली उचलली, त्याच्या बेसमेंटमध्ये धगधगत्या बॉयलरशेजारच्या फळीवर पातेलं ठेवलं, वरून जुनी शाल गुंडाळली. पातेलं पुरलं नाही म्हणून उरलेलं दूध एका स्टीलच्या डब्यात विरजलं. तो डबा समोरच्या गल्लीतल्या पद्मजाचा. दिवाळीत चकल्या घालून आलेला, बुडाशी 'सौ. पद्मजा हिस सप्रेम भेट' असं कोरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा चौकशी अधिकारी आला. नाव ग्लेन. हातात टॅब्लेट, चेहरा न्यायमूर्तींचा. ऑइल खरोखरच शेजारी पडलंय का हे पाहायला आला होता. दिगंबररावांना भरून आलं. अखेर कोणीतरी डोळ्यांनी बघणार! त्यांनी लगबगीने हॅरल्डचं दार उघडलं, त्याला बेसमेंटमध्ये नेलं, टाकीचा काटा दाखवला.

"ऑइल इथेच आलंय," ग्लेन म्हणाला. "तुमचं म्हणणं खरं आहे."

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण ग्लेनची नजर शालीकडे गेली.

"हे काय आहे?"

दिगंबरराव जन्मात खोटं बोलले नव्हते. शिवाय ते अभियंते होते, आणि कोणी काही कसं चालतं ते विचारलं की अभियंत्याचा स्वतःवर ताबा राहत नाही. त्यांनी शाल दूर केली. "दही! दूध कोमट करायचं, चमचाभर विरजण घालायचं, आणि मग खरा खेळ तापमानाचा. ऊब एकसारखी पाहिजे."

"तुमच्या घरी नाही का होत?"

"छे! आमच्याकडे कसं लागेल? गोठतोय आम्ही!"

"आणि इथे लागलं."

"लागलं? अहो, कवडी दही आहे! पातेलं उलटं करा, पडणार नाही!"

ग्लेनने टॅब्लेटवर लिहिलं. मग बोटाने चाखलं. "स्मूद," तो म्हणाला आणि तेही लिहिलं. जाताना नमुना म्हणून डबा घेऊन गेला. दिगंबररावांनी तो स्वतः पिशवीत घालून दिला, वर म्हणाले, "थोडी साखर घाला, छान लागतं."

निकाल दुपारच्या ईमेलने आला. ग्राहकाने सदर उष्णतेचा लाभ आपल्या सोयीच्या ठिकाणी घेतल्याचं सिद्ध झालं आहे. दही हा उष्णतेचा हेतुपूर्वक व फलदायी वापर होय. नमुन्याची घट्टता पाहता लाभ पूर्ण मानण्यात येत आहे. सबब रिफंड देय नाही. मात्र ग्राहकाच्या दिवाणखान्यातील असमाधान अद्याप कायम असल्याने, माणुसकीच्या दृष्टीने, सोमवारी मॅनेजर फेरविचार करतील. तोपर्यंत असमाधान टिकवून ठेवावे.

"सोमवार," दिगंबरराव पुटपुटले. "आणि कीर्तन शनिवारी."

"अजिबात नाही," काकू म्हणाल्या. "कीर्तन होणार, इथेच होणार."

"होऊ दे ना! पण थंडीत होऊ दे. लोकांना सांगतो, कोट घालूनच बसा."

शनिवारी मंडळी आली. पाळंद्यांनी सगळ्यांना कळवलं होतंच, त्यामुळे दिवाणखान्यात डाउन जॅकेटांचं जणू संमेलन भरलं. चैत्राली नऊवारीवर कोट घालून उभी राहिली. दिवसभर प्रयोगशाळेत संशोधन करणारी ही मुलगी कीर्तन आपल्या मावशीकडून शिकली होती. तिच्याबरोबरचा राजस हार्मोनियमवर होता. त्याने हातमोज्यांची बोटं कापून घेतली होती.

"काका, हीट ऑन नाही का करता येणार? थोडीशी?"

"चैत्राली, सोमवारनंतर तू म्हणशील तेवढी."

पूर्वरंग सुरू झाला. चैत्रालीच्या तोंडून नाम निघे आणि नामाबरोबर वाफ निघे. निरूपणाला तिने विषय घेतला होता परक्या वस्तूचा. "माउली, जे आपलं नाही ते कवटाळून बसतो तो गरीब," ती सांगत होती. "देतो-देतो म्हणत देत नाही, तो तर त्याहून गरीब. आणि न देण्याला ज्याच्याकडे सुंदर कारण असतं, त्याची गरिबी तर विचारूच नका!" मंडळींनी माना डोलावल्या. प्रत्येकाने शेजारच्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. दिगंबरराव तर केविनचं नाव घेऊन डोलले.

बुक्का लागला. आख्यान रंगू लागलं. आणि दिगंबररावांच्या लक्षात आलं की पहिल्या रांगेने कोट काढले आहेत.

ते हळूच थर्मोस्टॅटपाशी गेले. आकडा चढत होता. एवढी माणसं एका खोलीत, टाळ्या वाजवणारी, नामघोष करणारी! अभियंत्याला हे आधीच कळायला हवं होतं. त्यांनी खिडकी बोटभर उघडली. काकूंनी डोळे न उघडता हात लांब करून ती लावली. त्यांनी पुन्हा उघडली. काकूंनी डोळे उघडले. त्यांनी स्वतःच लावली.

आता एकच उपाय उरला होता. आवाज करून कीर्तन थांबवायचं. दिगंबररावांनी तोंडही उघडलं. पण त्याच क्षणी चैत्रालीने कोट भिरकावला, पदर खोचला, चिपळ्या वर नेल्या आणि घसा ठणठणीत मोकळा होऊन जो काही सूर लागला, तो सरळ यांच्या काळजात शिरला. तोंड उघडलेलंच होतं. त्यातून नाम बाहेर पडलं. मग टाळी. मग कानटोपी गेली. मग दोन्ही स्वेटर. पाळंदे आता गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात गात नाचत होते, आणि भिंतीवर हुशार थर्मोस्टॅट मुकाट्याने कर्तव्य बजावत होता.

आरती झाली, तेव्हा त्यांच्या फोनवर संदेश होता. अभिनंदन! आपले घर समाधानरेषेच्या वर गेले आहे. आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आली. आमच्या सेवेला किती तारे द्याल?

दिगंबररावांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. दहीपोह्यांच्या ताटल्यांवर संतापाची लाट उसळली.

"लुटारू आहेत नुसते!" पद्मजा म्हणाली. "दुसऱ्याचं परत करायचं म्हटलं की यांच्या पोटात दुखतं."

"आणि कारणं किती गोड देतात!" काकू म्हणाल्या. "लाज कशी वाटत नाही गं?"

"हो ना. अगं सुमित्रा, यावरून आठवलं. माझा डबा? दिवाळीपासून तुझ्याकडेच आहे."

काकूंचा हात वाढता वाढता थबकला. "अगं बाई, विसरले नाहीये मी! रोज आठवण येते. पण रिकामा कसा देऊ? काहीतरी करून भरूनच देते."

"रिकामाच दे गं, चालेल मला. नुसता दे."

"छे छे! तशी आमच्याकडे पद्धत नाही."

दिगंबररावांचा घास हातातच राहिला. हे वाक्य त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि केविनला फोन लावला.

"केविन, रिफंड राहू दे. तो डबा तेवढा परत पाठव. स्टीलचा आहे. आमचा नाही तो, लोकांचा आहे."

"मिस्टर डिग, मला मनापासून वाईट वाटतंय. डबा सुरक्षित आहे. पुढच्या ऑइलबरोबर नक्की येईल."

बाहेर पद्मजा चैत्रालीला सांगत होती, "निरूपण काय सुंदर केलंस गं! ऐकायला हवं होतं त्या कंपनीवाल्यांनी."

ब्लेस्ड एम्बरबद्दल वाचकांनाही संताप आला असेल, आणि तो रास्त आहे. तो जरा निवला की एकदा आपल्या स्वयंपाकघरात जावं. सगळ्यात वरची फळी, मागची रांग. तिथे एक डबा आहे. तो उलटा करावा आणि बुडाशी कोरलेलं नाव वाचावं.

तुमचं नाही.